रिकाम्याचा आवाज

टक झालं आणि काहीच झालं नाही. एवढंच. पुढं त्या एका आवाजावर डिटेक्टिव्ह जयदीप गिलनं पानंच्या पानं लिहून घेतली, आमची लेक केया मॉन्ट्रियलहून रोज फोन करू लागली, माझा नवरा नंदू स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा दबकत चालायला लागला. पण मुळात घडलं ते एवढंच. दुपार होती. इथं कॅनडात, एटोबिकोतल्या एका छोट्या प्लाझात, लाँड्री आणि डोनटचं दुकान यांच्यामध्ये माझी फार्मसी आहे. काउंटरपलीकडं करड्या हूडीतला एक माणूस उभा होता, तोंडावर मास्क, हातात पिस्तूल, आणि त्या पिस्तुलाचं तोंड माझ्या छातीकडं. त्याचा जोडीदार दाराशी. त्यांना तिजोरीतल्या नशेच्या गोळ्या हव्या होत्या. मी त्याला म्हटलं की तिजोरी लगेच उघडत नाही, बटण दाबून थांबावं लागतं, दारावर तशी पाटी आहे, वाचली नाही का? हे मी शांतपणे सांगितलं. फारच शांतपणे, वयस्कर गिऱ्हाइकाला गोळी जेवणाआधी की नंतर ते सांगावं तसं. कदाचित त्याचाच त्याला राग आला असेल. त्यानं चाप ओढला. टक.

मग तो पिस्तुलाकडं बघायला लागला. मला अजून तो चेहरा दिसतो. मास्कच्या वर फक्त डोळे होते, पण तेवढ्यानं भागलं. भुवया वर, कपाळाला आठ्या, आणि डोळ्यांत एक बावळट अविश्वास. हा फसलेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा. तीन वर्षं माझ्या स्वतःच्या पिस्तुलापुढं माझा चेहरा असाच होत आलाय, म्हणून मी तो ओळखला. आणि लाज वाटते सांगायला, पण माझ्या जिभेवर पहिलं वाक्य आलं ते त्याला मदत करायचं होतं: अरे, वरची स्लाइड मागं ओढ, अडकलेलं काडतूस बाहेर पडेल, नवं येईल. सवय, दुसरं काय. ते वाक्य गिळलं आणि गिळता गिळता लक्षात आलं की त्याला हे ठाऊक नाही. ज्याला पिस्तूल अडकल्यावर काय करायचं ते कळत नाही, असा माणूस मला मारायला आला होता. ह्याचा मला जो संताप आला तो मरणाच्या भीतीपेक्षा मोठा होता.

बत्ता हातात कसा आला ते आठवत नाही, असं मी पोलिसांना सांगितलं. ते खोटं नव्हतं, अर्धवट होतं. काउंटरवर अप्पांचा पितळी खलबत्ता ठेवलेला असतो. माझे वडील, नागपूरला महाल भागात त्यांचं औषधांचं दुकान होतं. त्यांचा खल म्हणून शोभेला. मला आठवतं ते बत्त्याचं वजन. पहिला घाव जबड्यावर बसला, अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज आला. तो खाली गेला, पिस्तूल फरशीवर घसरत गेलं, जोडीदारानं ते उचललं आणि पळाला. इथं खरं म्हणजे संपलं होतं. पण मी काउंटरच्या ह्या बाजूला होते आणि तो त्या बाजूला. मला वळसा घालून जावं लागलं. मध्ये अर्ध्या उंचीचं दार आहे, त्याची कडी गच्च बसते, ती काढावी लागली. म्हणजे थांबायला वेळ भरपूर होता. मी थांबले नाही. त्याच्या खांद्यावर मारलं, तो तोंडावर हात घेत होता तर हातावर मारलं, हात बाजूला झाला तर तोंडावर मारलं. रक्त माझ्या पांढऱ्या कोटावर, व्हिटॅमिनच्या बाटल्यांवर. एक दात फरशीवरून गोळीसारखा टुणटुणत गेला. माझ्याकडं कामाला असलेली अनन्या मागच्या खोलीतून धावत आली, मला पाठीमागून मिठी मारून रडायला लागली, "मॅडम, ही इज डाउन, प्लीज, ही इज डाउन!" ती म्हणत होती आणि मी अजून हात उगारत होते. मला बरं वाटत होतं. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पोलिसांनी त्याला सेल्फ डिफेन्स म्हटलं. मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर मी रणरागिणी झाले. संक्रांतीच्या कार्यक्रमात सत्कार करायचं चाललंय, शाल कुठल्या रंगाची म्हणून एकीनं विचारलं सुद्धा. बत्ता पुरावा म्हणून जमा झालाय. काउंटरवर नुसता खल आहे, आणि येणारे-जाणारे त्याच्याकडं बघतात आणि मग माझ्या हातांकडं.

माझं पिस्तूल मी घेतलं ते सरकारनं हँडगनची खरेदी-विक्री बंद करायचं जाहीर केलं त्या उन्हाळ्यात. ज्याच्याकडं आहे त्याच्याकडं राहील, पण विकता येणार नाही, कुणाला देता येणार नाही, नवं घेता येणार नाही. मी कॉलेजात एनसीसीला होते, रायफलमध्ये मला मेडल होतं. लग्न, कॅनडा, इथल्या फार्मसीच्या परीक्षा, केया, ह्या सगळ्यात ते मेडल कुठल्या तरी बॅगेत राहिलं आणि ती बॅग कुठल्या तरी घरात. पंचेचाळिशी उलटल्यावर मी पुन्हा शूटिंग रेंजवर जायला लागले. नंदूला वाटलं, रजोनिवृत्तीचं खूळ. मला तिथं आवडायचं कारण तिथं कानावर आवाज अडवणारे मफ्स चढवले की कुणी काही विचारत नाही. क्लबचं पिस्तूल वापरत होते. पुढंमागं आपलं स्वतःचं, चांगलं, जड, नेमबाजीचं घेऊ म्हणून रमतगमत चाललं होतं. आणि अचानक ही घोषणा. दुकानाबाहेर रांग, आत काचेची कपाटं मोकळी, पंगत उठल्यावरच्या पानांसारखी. विक्रेत्यानं एकच डबा पुढं सरकवला. "लास्ट वन, मॅम. टेक इट ऑर लीव्ह इट." नंदू माझ्याबरोबर होता. त्याचं सगळं आयुष्य ब्रॅम्पटनला गाड्यांच्या पार्ट्सच्या कारखान्यात, क्वालिटी विभागात गेलेलं. त्यानं ते पिस्तूल बोटांनी चाचपलं नि मराठीत म्हणाला, "अगं, कंपनीचं नाव तरी ऐकलंयस का? ह्या कडा बघ. मी असला पार्ट रिजेक्ट केला असता." मी म्हटलं, "बाप्पा, तू काऊन अपशकुन करून राहिला?" आणि घेतलं. चिडले किंवा घाबरले की माझ्या तोंडात नागपूर येतं.

पहिल्याच दिवशी ते अडलं. गोळी सुटली, सुटली, मग टक. काडतूस बाहेर काढून पाहिलं तर बुडाशी एक उथळ खड्डा. आतली सुई आपटली होती पण जोर नव्हता. दुकानदार म्हणाला, नवं आहे, रुळू द्या, आणखी गोळ्या मारा. मारल्या. मग म्हणाला, काडतुसं बदला. बदलली. मग म्हणाला, काही लेडीज ते फार अलगद धरतात. मला मेडल होतं! मी त्या दुकानात इतकी भांडले की नंदू बाहेर जाऊन गाडीत बसला. पिस्तूल कंपनीकडं गेलं, परत आलं, पुन्हा टक. तोवर कायदा लागू झाला होता. परत द्यायचं नाही, विकायचं नाही, बदलायचं नाही. रेंजवर माझ्या शेजारच्या लेनमध्ये प्रताप नावाचा एक ट्रकवाला असतो, त्यानंही त्याच घाईत असलंच काहीतरी घेतलेलं. तो हसून म्हणायचा, "दीदी, ये शादी हो गयी. डिव्होर्स बंद है." मी हसायचे. घरी येऊन पिस्तूल पुसताना मात्र मला रडू यायचं, आणि ते पिस्तुलासाठी नव्हतं हे मला कळायचं. आयुष्यात एक गोष्ट स्वतःसाठी म्हणून हट्टानं घ्यावी आणि तीही अशी निघावी, ह्याचं ते रडू होतं.

नंदूनं मात्र त्या पिस्तुलाला घरातलं करून घेतलं. तो साताऱ्याचा. सासूबाई असेपर्यंत खंडेनवमीला त्यांच्याकडं घरातलं प्रत्येक हत्यार पाटावर यायचं, विळी, कात्री, कुऱ्हाड, शिवणयंत्र, मामंजींचं पेन. आणि त्यांची एक पद्धत होती: पूजेत रिकामं काही ठेवायचं नाही. सुईत दोरा हवा, पेनात शाई हवी, मापट्यात धान्य हवं. आपण कुणाचा डबा परत करताना चिमूटभर साखर तरी घालून देतो की नाही, तसंच म्हणायच्या त्या. नंदू इथं तेच करतो. आमच्या फॅमिली रूममध्ये चौरंगावर ड्रिल मशीन, माझा गोळ्या मोजायचा ट्रे, त्याचा लॅपटॉप, बर्फ काढायचं फावडं टेकवून, गाडीच्या किल्ल्या आणि मध्ये माझं पिस्तूल. मी ते स्लाइड मागं ओढून उघडं ठेवते, आतला पोकळ भाग कुणालाही दिसावा म्हणून. नियमच आहे तो. त्यावर हा झेंडूचं फूल ठेवतो आणि हळदकुंकू लावतो. "पूजा केली की सुधारेल," म्हणतो. ह्या वर्षी पाहिलं तर पिस्तुलाशेजारी एक काडतूस उभं करून ठेवलेलं, त्यालाही कुंकवाचं बोट. मी ओरडले, तर म्हणाला, "आईची पद्धत आहे, राहू दे की. उद्या उचलतो." मला दुकान उघडायचं होतं. मी गेले. दसऱ्याला त्यानंच सगळं आवरून ठेवलं, पिस्तूल बेसमेंटमधल्या कपाटात गेलं. त्यानंतर आठवड्यानं तो हूडीवाला आला, आणि मग मी त्या कपाटाकडं फिरकलेही नाही.

आता जयदीप गिलचा प्रश्न. गिल पस्तिशीचा सरदार आहे, मला आंटी म्हणतो, आमच्या घरी आला तर बूट दाराबाहेर काढतो. तो म्हणाला, "आंटी, कॅमेरे में आवाज नहीं है. उसकी पीठ कॅमेरे की तरफ है, हाथ दिखता नहीं. गन मिली नहीं. अनन्या पीछे थी. सो इट्स ओन्ली यू." हूडीवाल्याचं म्हणणं, मोडक्या जबड्यानं लिहून दिलेलं, असं होतं की त्यानं चाप ओढलाच नाही, तो आवाज सेफ्टीच्या खटक्याचा असेल. आणि ओढला गेला असेलच तर त्याला वाटलं होतं की ते रिकामं आहे. तो फक्त भीती घालत होता. "अगर ट्रिगर था, और लोडेड था, और उसको पता था," गिल बोटं मोजत म्हणाला, "देन इट्स अटेम्प्ट मर्डर. नहीं तो रॉबरी. आप शूटर हो. आप बताओ." मी फाडकन म्हटलं, "सब यही बोलते हैं, खाली था! मैंने उसका चेहरा देखा. गोली नहीं निकली तो उसका मुँह उतर गया. उसको पता था." गिलनं पेन मिटलं. कोर्टात प्रत्येक शब्द उलटापालटा करून विचारतील, तेव्हा खात्री असेल तेवढंच सांगा, म्हणाला. सोमवारी फोन करतो.

तो पंधरा-वीस वर्षं आत जावा असं मला वाटत होतं. वाटत होतं कसलं, हवंच होतं. मी सकाळी दात घासताना त्याचं तोंड आठवायचे, दातांची पोकळी आठवायचे, आणि तेवढ्यानं पोट भरायचं नाही. पण खात्री हा शब्द गिल माझ्या डोक्यात ठेवून गेला होता. आवाजाचं मला कळतं. रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढला तर सुई हवेत आपटते, तो आवाज कोरडा, कडक, टिचकीसारखा. घरी भिंतीवर नेम धरून मी हजारदा तो ऐकलाय. आणि आत काडतूस असेल, पण उडालं नाही, तर सुई त्याच्या बुडावर बसते. तो आवाज बोथट, कुणीतरी तोंडावर हात धरल्यासारखा. माझ्या दळभद्री पिस्तुलानं तो मला पाठ करून दिलाय. दुकानात मी ऐकला तो बोथट होता. म्हणजे भरलेलं होतं. पण रोज तो बोथट आवाज थोडा थोडा झिजत होता. फार्मसीत दिवसभर औषधाच्या बाटल्यांची झाकणं टक टक करून बसतात, मुलांना उघडता येऊ नयेत अशी असतात ती. प्रत्येक झाकणागणिक मी मरत होते आणि प्रत्येक झाकणाचा आवाज त्या आवाजात मिसळत होता. बॉलपेन, गाडीचा पट्टा, टोस्टर. एकदा नंदूनं नेलकटर वापरलं आणि मी हातातली कढई त्याच्या दिशेनं भिरकावली. ती त्याच्या कानाजवळून गेली, भिंतीत खळगा पडला. तो वरणाचे डाग पुसत बसला. केया फोनवर म्हणाली, "आई, जस्ट टेल हिम व्हॉट यू रिमेंबर. अँड प्लीज गेट रिड ऑफ दॅट थिंग." मी म्हटलं, कायद्यानं विकता येत नाही. "देन गिव्ह इट टू द पोलीस!" मला तिचाही राग आला, तिच्या त्या सोप्या सोप्या इंग्रजीचा.

आणि मग मला कळलं की माझं अडतंय कुठं. मी तो आवाज नेहमी मागून ऐकलाय. पिस्तुलाच्या मागं उभं राहून. पुढून एकदाच ऐकला. पुढून कोरडा आवाज कसा येतो, हे मला माहीतच नाही. कदाचित पुढून कोरडाही बोथटच लागत असेल. कदाचित त्या माणसाचं खरंच रिकामं असेल. हे कळायला हवं होतं. रविवारी सकाळी, नंदू आयलंडवर, म्हणजे स्वयंपाकघराच्या मधोमधच्या ओट्यावर, पोह्यांसाठी कांदा चिरत होता, लख्ख ऊन होतं, मागच्या अंगणातल्या पातळ बर्फावरून ते घरात येत होतं. मी म्हटलं, "नंदू, माझं एक काम कर. पिस्तूल आण, आयलंडच्या त्या बाजूला उभा राहा, माझ्यावर धर आणि चाप ओढ."

त्यानं सुरी खाली ठेवली. "पद्मा, तुला बरं नाहीये."

"रिकामं असतं रे. मला फक्त आवाज ऐकायचाय."

"मी नाही करणार."

"मग मी दुसऱ्या कुणाला तरी सांगते. प्रतापला सांगते."

"डॉक्टरकडं जाऊ या आपण. उद्याच जाऊ."

"नंदू, उद्या गिलचा फोन येईल!" मी आयलंडवर मूठ आपटली, कांद्याचे तुकडे उडाले. "मी काय सांगू त्याला? मला आवाज आठवत नाही? तो हूडीवाला सुटेल! दोन-चार वर्षांत बाहेर येईल नि पुन्हा कुणाच्या तरी छातीवर धरेल. तू काऊन ऐकून नाही राहिला? त्यानं मला मारलं, नंदू. मी मेली त्या दिवशी. तुझ्या लक्षात येऊन राहिलं का?"

तो रडायला लागला. तीस वर्षांत मी त्याला दोनदा रडताना पाहिलंय, दोन्ही वेळा विमानतळावर. माझ्यात दया आली नाही. त्या दिवसांत माझ्यात दया म्हणून जी जागा असते तिथं बत्ताच होता. मी नुसती उभी राहिले. शेवटी तो डोळे पुसत खाली बेसमेंटमध्ये गेला. कपाट उघडल्याचा, कुलूप काढल्याचा आवाज आला. तो वर आला तेव्हा पिस्तूल त्याच्या हातात मेलेल्या पाखरासारखं होतं. मी त्याला हात लावला नाही. मला लावता येत नव्हता, नुसतं पाहूनच तळव्यांना घाम सुटला. नियम मला तोंडपाठ आहेत. कुणावर धरायचं नाही. स्वतःच्या डोळ्यांनी, स्वतःच्या बोटानं आत बघितल्याशिवाय रिकामं म्हणायचं नाही. हे मी नव्या पोरींना रेंजवर दरडावून शिकवते. पण हात लावता येत नव्हता, आणि ते पिस्तूल तर माझंच होतं, मीच नेहमी रिकामं करून ठेवते. "मॅगझिन काढ," मी म्हटलं. त्यानं चाचपडत बटण शोधलं, मुठीतलं गोळ्यांचं मॅगझिन काढून मला दाखवलं. त्यात काही नव्हतं. "रिकामं आहे," तो म्हणाला. "रिकामं आहे ना?" "हो," मी म्हटलं. "धर."

त्यानं धरलं. पिस्तुलाचं तोंड माझ्या गळ्यावरून पोटापर्यंत फिरत होतं. मी म्हटलं, दोन्ही हातांनी धर, छातीवर धर. त्यानं धरलं. मी डोळे मिटले. कांद्याचा वास येत होता. फ्रिजची घरघर बंद व्हायची मी वाट पाहिली, मग म्हटलं, "ओढ."

बराच वेळ काही झालं नाही. मग टक.

"हाच!" मी ओरडले. "हाच, नंदू! अगदी हाच!" माझं अंग हलकं झालं. कान खोटं बोलले नव्हते. हाच तो, असाच तो, तोंडावर हात धरल्यासारखा, बोथट. मी तो कोर्टात हजार माणसांसमोर ओळखून दाखवला असता. मला हसू येत होतं. आणि हसता हसता, माझ्या कानाला जे आधीच कळलं होतं ते मला कळलं.

कोरडा नव्हता तो.

"नंदू," मी म्हटलं. माझा आवाज पुन्हा तसाच शांत झाला होता, तिजोरीची पाटी सांगतानाचा. "बोट चापावरून काढ. तोंड सिंककडं कर. हलू नको." काडतूस कधी कधी उशिरा उडतं, लगेच उघडायचं नसतं, थांबायचं असतं. आम्ही थांबलो. तो सिंककडं नेम धरून, मी पालथे हात ग्रॅनाइटवर दाबून. बाहेर शेजाऱ्यांचं कुणीतरी गाडीवरचा बर्फ खरवडत होतं. मग मी ते पिस्तूल त्याच्या हातांतून काढून घेतलं आणि स्लाइड मागं ओढली. काडतूस उडून ग्रॅनाइटवर पडलं, घरंगळत चिरलेल्या कांद्याला जाऊन टेकलं. पितळेवर कुंकू वाळून काळपट झालं होतं. बुडाशी उथळ खड्डा.

नंदू माझ्या हातातल्या पिस्तुलाकडं बघत होता. भुवया वर, कपाळाला आठ्या, डोळ्यांत तो बावळट अविश्वास.

"ते शेजारी लुडबुडत होतं," तो म्हणाला. "दसऱ्याला. सगळं आवरताना. हरवू नये म्हणून त्या उघड्या पोकळीत ठेवलं, ते नळीत घसरलं, आणि काहीतरी दाबलं गेलं नि खट्कन मिटलं... मग विसरलोच मी. आज मॅगझिन तर काढलं होतं ना गं." कपाटाला पाठ घासत तो खाली बसला. "पद्मा, मला वाटलं रिकामं आहे."

पिस्तूल माझ्या हातात होतं. त्याचं वजन बत्त्याएवढंच आहे, हे मला आजवर जाणवलं नव्हतं. तो आयलंडच्या त्या बाजूला खाली बसलेला, मी ह्या बाजूला. मला त्याच्या तोंडावर मारायचं होतं. हे मी जसंच्या तसं सांगते, कारण तसंच होतं. जबड्यावर, जिथं सुपारीसारखा आवाज येतो तिथं. मला वळसा घालून जावं लागलं. आयलंड लांब आहे, मध्ये एक स्टूल आडवं आलं, ते बाजूला करावं लागलं. वेळ भरपूर होता. त्याच्याजवळ पोचेपर्यंत पिस्तूल ओट्यावर ठेवलेलं होतं, कधी ठेवलं ते खरंच आठवत नाही. त्यानं मी येताना पाहून तोंडावर दोन्ही हात घेतले होते. मी खाली बसले नि ते हात धरले.

सोमवारी गिलचा फोन आला. नंदू पलीकडं चहा गाळत होता, अर्धा बशीत सांडत होता.

"ट्रिगर था," मी सांगितलं. "सौ टक्का. और भरा हुआ था."

"गुड, आंटी. और उसको पता था? आपने बोला था, आपने चेहरा देखा."

नंदूनं गाळणं खाली ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"देखा था," मी म्हटलं. "चेहरे से पता नहीं चलता."